पुठ्ठ्याचा पाय आणि आमची गाडी

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (सध्या कंबर धरली असल्यामुळे साष्टांग तेवढा कागदावरच घालतो आहे, पोचला असं समजावं.) तुमचा खोकला कसा आहे? दम लागतो म्हणून डॉक्टरांनी तुमचा प्रवास बंद केला, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. बोलणंही कमी करायला सांगितलंय, हे मात्र मामींकडून कळलं. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. ऑपरेशनपासून आईचा डावा पाय सरळचा सरळ राहतो, वाकायचं नाव घेत नाही (हा गुण माहेरचा, असं तुमची भाचेसून म्हणते, मी म्हणत नाही). बाकी प्रकृती उत्तम आणि जीभ त्याहून उत्तम. दुकानात कामही भरपूर आहे. मागच्याच आठवड्यात एका जाड्या वकिलाचा कोट तिसऱ्यांदा उसवून मोठा केला. तो म्हणतो, कापड आटतं.

तर पत्रास कारण की, आम्ही गाडी घेतली.

हे वाक्य लिहून मी जरा थांबलो आणि परत वाचून बघितलं. छान दिसतं. आमच्या घरी गाडी यायची झाली तर शिलाई मशीनलाच चाकं लावावी लागतील, असं तुम्ही एकदा चारचौघांत म्हणाला होतात. तेव्हा मी गप्प बसलो, कारण मोठ्यांना उलट बोलू नये हे तुमच्याच बहिणीने शिकवलंय. आता बोलतो. गाडीला चार चाकं आहेत, चार दारं आहेत (पैकी तीन उघडतात) आणि रंगाला लोक आपापल्या नजरेप्रमाणे निळा किंवा राखाडी म्हणतात. मी कापडातला माणूस, मी त्याला धुतलेला निळा म्हणतो. गाडी तुमची भाचेसून चालवते. मी शेजारी न बसता मागे बसतो आणि अभिमान बाळगतो. पुढची जागा आईची.

मुळात गाडी घेतली तीच त्या जागेसाठी. तुम्हाला प्रवास बंद, तिचा पाय दुमडत नाही. बसची पायरी तिला चढवत नाही. एकदा भाड्याची गाडी बोलावली, तर आई आत बसली आणि पाय दाराबाहेर राहिला. दार उघडं ठेवून चालवायला ड्रायव्हर तयार होईना (त्याचंही बरोबर होतं). म्हणजे किती वर्षं झाली तिला माहेरी येऊन. तुम्ही दोघं फोनवर रोज भांडता ते ठीक आहे, पण फोन ठेवल्यावर ती खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत बसते. मला ते बघवत नाही, मामा. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो.

म्हणून मी आमच्या धंद्याच्या पद्धतीने कामाला लागलो. आईला खुर्चीवर बसवलं, कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं, चपलेसाठी दोन बोटं जास्त धरली आणि जाड पुठ्ठ्याचा पाय कापला. तो काखेत मारून जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. तिथल्या दलालाने आमचं बजेट विचारलं. ते ऐकल्यावर त्याने आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग स्कूटर दाखवायला नेलं. मी म्हटलं, चारचाकीच हवी. मग तो गाड्यांचे गुण सांगू लागला. ही डॉक्टरांनी वापरलेली, ती फक्त सुट्टीच्या दिवशी बाहेर काढलेली (जुन्या गाड्या नेहमी अशा सज्जन घरांतूनच कशा येतात, देव जाणे). मी काही न बोलता दार उघडायचो, पुठ्ठ्याचा पाय सीटवर ठेवून पुढे सरकवायचो आणि पाय अडला की दार लावून टाकायचो. गाडी किती पळाली हे मी विचारत नाही, इंजिन बघत नाही, किमतीवर घासाघीस करत नाही, हे बघून तो बिचारा खचला. शेवटी अगदी भिंतीकडेला उभी असलेली ही गाडी मीच शोधली. पाय आत गेला, टाच टेकली, वर चार बोटं जागा उरली. अंगरखा अंगावर पहिल्याच खेपेला बसावा तसं झालं मला.

आता तुम्ही म्हणाल, शिंप्याने मापावर गाडी घेतली, आत काय आहे ते कुणी बघितलं? मामा, आम्ही इतके दूधखुळे नाही. घरातली सगळी विद्वत्ता सोबत नेली होती. तुमची भाचेसून शाळेच्या ऑफिसात कारकून. तिने गाडीची कागदपत्रं ओळ न ओळ वाचली आणि एका ठिकाणी शिक्का पुसट आहे म्हणून दलालाला परत पाठवलं. माझा मेहुणा फ्रिज दुरुस्त करतो. त्याने इंजिनला कान लावला आणि आवाज एकसारखा आहे, गॅस गळत नाही, असा निर्वाळा दिला. सीटची शिवण मी स्वतः तपासली. दुहेरी टाके आहेत, अजून दहा वर्षं उसवणार नाहीत. मग दलालाने गाडी बाहेर काढून दिली, आम्ही बाजाराला एक मोठी फेरी मारली आणि तिथेच परत आलो. गाडी पाण्यासारखी चालली. कागद चोख, आवाज चोख, शिवण चोख. आणखी काय बघायचं राहतं?

रिव्हर्स गिअर बघायचा राहतो. तो गाडीला नाही. म्हणजे जागेवर आहे, पण टाकला तर गाडी नुसती हुंकार देते आणि तिथेच उभी राहते. फेरी गोल होती, त्यामुळे मागे जायचा प्रसंगच आला नाही, आणि दलालाने ती हाताने ढकलत बाहेर काढली तेव्हा आम्हाला वाटलं, काय नम्र माणूस आहे. मेहुण्याच्या ओळखीच्या मेकॅनिकने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात अशीच दुसरी गाडी आली असती, म्हणून तो विषय सोडला.

पण काही अडत नाही. माणसाला मागे जायची गरज वाटते तितकी पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तुमच्या भाचेसुनेने शहरातले सगळे चौक, वळणं आणि दोन तोंडांचे रस्ते पाठ केलेत. जिथे शिरलं की समोरून बाहेर पडता येतं तिथेच आम्ही जातो. (तिच्या मावशीकडे जाता येत नाही. त्याबद्दल मी गाडीला दोष देणार नाही.) परवा अरुंद रस्त्यात समोरून ट्रक आला. ही खाली उतरली, ट्रकवाल्याला शांतपणे सांगितलं की दादा, आपणच घ्या मागे, आमच्याकडून होणार नाही. त्याने मुकाट्याने घेतला. तेव्हापासून आमच्या भागात लोक आम्हाला फार ताठ समजतात आणि लांबूनच वाट देतात. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांपुढे वाकून मापं घेतली, मामा. असा मान कधी मिळाला नव्हता.

येत्या रविवारी सकाळी आम्ही आईला घेऊन तुमच्याकडे येतो आहोत. काल तिला गाडीत बसवून एक चक्कर मारली. पाय पसरून बसली होती. काच तेवढी खाली करायला सांगितली. मी मागे बसून तिच्या डोक्याकडे बघत होतो आणि मला स्वतःचाच फार अभिमान वाटला. हे लिहायला लाजत नाही.

मामींना नमस्कार. तुम्ही औषध वेळेवर घेत जा.

तुमचा भाचा

ता. क. जेवणाची फार खटपट करू नका. दुपारचं तेवढं तुमच्याकडे करू. सोमवारी वकील कोट न्यायला येणार आहे, तेव्हा रविवारी संध्याकाळीच आईला घेऊन निघावं लागेल.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे यासाठीच पत्र लिहायला बसलो. तुमची गल्ली पुढे बंद आहे आणि तुमच्या अंगणात गाडी वळत नाही. आत येऊ, त्याची काळजी नाही. पण बाहेर पडण्यासाठी संध्याकाळी चार धट्टीकट्टी माणसं सांगून ठेवाल का? मोठ्या रस्त्यापर्यंत गाडी मागे ढकलायची आहे. तुम्ही स्वतः हात लावू नका, दम लागेल.

ता. क. तिसरा. दादा, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला म्हणून पोराने माझ्याकडे दिलं होतं, वाचलं. माणसं सांगून ठेवू नकोस. मला इतक्यात परत यायचं नाही.