पोरीला माफी नको

ताई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

आम्ही बापलेक बरे आहोत. आईचा खोकला थांबला का?

इथल्या शाळेत पोहता आल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला देत नाहीत. पुरातून आलेल्या मुलांना माफी आहे, पण पोरगी बाईंना म्हणाली, "मला नको माफी." आणि इकडे पुरापासून घरात बादलीत पाणी पडू लागलं तरी घाबरून माझी बाही धरते! सोमवारी सकाळी परीक्षा. मला पोहता येत नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय.

काठावर उभा राहतो म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, डोळे उघडे ठेवा. नाम घेत बसाल आणि मी बुडाले तरी कळायचं नाही."

तेव्हा सोमवारी देवापुढे बस. माझ्या वाटणीचे डोळे तू मिट.

तुझा धाकटा