नळाच्या पाण्यातली डाळ

मंगळवार, दिवे लागले

आज नळवाल्या साहेबाचं शहाणपण पाहून घेतलं. ब्रह्मपुरीच्या बाहेर पोरानं ह्या लेआउटात घर बांधलं, तवापासून तुरीची डाळ शिजून नाई राह्यली. कुकरच्या आठ शिट्ट्या, तरी दाणा तसाच. वर्षभर मी सुनेलेच बोलून राह्यली, तुह्या हातालेच गुण नाई म्हणून. शेवटी पोरानं पाण्याची तक्रार टाकली, तवा हा साहेब आला.

साहेबानं नळाचा पेला उन्हाकडं धरला. म्हणे, "आजी, काचेवानी साफ पाणी आहे. तक्रार मिटली म्हणून इथी सही करा."

म्या म्हटलं, "भाऊ, काच का खाची असते? बस, डाळ खाऊन जा."

एकाच डब्यातली डाळ दोन गंजांत, सारख्याच भांड्यांत, लावली. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात धानाच्या बांधीतल्या विहिरीचं. विहिरीची डाळ लोण्यावानी घोटली गेली. नळाची पळीले टणटण वाजे. पाणी जड आहे, हे आंधळ्यालेही दिसन.

साहेब म्हणे, "डाळ जुनी असन."

दोन्ही गंजांत एकच डाळ होती, बाबू. हे समजाले मले दुसरी यत्ता पुरली, तुले कॉलेजही नाई पुरलं. सही नाई केली.

तो गेला. सून सारं पाहून होती. वाटलं, आता माह्यं वर्षभराचं बोलणं काढन. काऊन नाई काढनार? पण तिनं माह्या ताटात नळाचीच डाळ वाढली अन् समोर बसली. म्या दाणा दाणा चावून खाल्ला.

"आई, आणखी वाढू?"

म्या म्हटलं, "वाढ."