शेजाऱ्याविरुद्ध साक्ष

ट्रॉय, मिशिगन
१४ ऑक्टोबर १९८४

बस्त्यावदादा,

काल फोनवर तू माझं काही ऐकूनच घेतलं नाहीस. बेचाळीसच्या लढ्यासाठी पपांच्या नावाचा फलक आपल्या वसईच्या घरावर लागतोय, याचा मलाही अभिमान आहे. पण 'शेजारच्या पास्कूकाकानंच पोलिसांना खबर दिली' असं तू माईकवर सांगणार? अरे, त्याची शवपेटी उचलायलाही गावातलं कोणी आलं नव्हतं. मेलेल्याला आणखी किती मारशील?

मी सात वर्षांची होते. आठवड्यावर माझं पहिलं कम्युनियन आलं होतं. फादरनी बजावलं होतं, खोटं बोललीस तर ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही. फौजदारानं अंगणात मला विचारलं, "घरात कोणी पाहुणा आहे का गं?" मी वर माळ्याकडे बोट दाखवलं. आपण लपवलेला तो भूमिगत माणूस पकडला गेला. पपा दोन वर्षं तुरुंगात राहिले आणि खोकत परत आले. आईला सगळं माहीत होतं. तिनं मला गप्प राहायची शपथ घातली आणि पास्कूकाकावर आलेला संशय तसाच राहू दिला.

इथे दर रविवारी मी चर्चमध्ये मुलांना आठवी आज्ञा शिकवते: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस. आज एका मुलीनं विचारलं, "डिड यू एव्हर?" मी चिडले आणि क्लासच सोडून दिला.

हे पत्रही आधीच्या दोन पत्रांवर ड्रॉवरमध्येच जाणार.

तुझी धाकटी बहीण रेजिना,
जिनं खरं एकदाच सांगितलं, तेही फौजदाराला