अँटेनावर छप्पर

भिलाई, ऑक्टोबर १९९६

ती. स्व. अरुणदादांना नरहरीचा अगदी कंबरेत वाकून नमस्कार. (बायकोच्या भावापुढे जावयाने एवढं वाकू नये म्हणतात, पण सध्या माझी कंबर मऊ आहे.) वहिनींचा गुडघा कसा आहे? वर्ध्याला थंडी पडली का? इकडे तुमची बहीण वसुंधरा मजेत आहे आणि मी तिच्या मजेत मजेत आहे.

तुम्ही कारखान्यातल्या नव्या घड्याळाचं विचारलं होतं. ते किल्लीवर चालत नाही, आकाशातल्या उपग्रहांकडून वेळ घेतं. गच्चीवर अँटेना, तिथून केबल खाली घड्याळापर्यंत, आणि मग कारखान्याचा भोंगा त्याच्या हुकमात. अँटेनाला वर उघडं आकाश हवं, एवढीच तिची अट. घड्याळ तयार आलं. अँटेना, केबल आणि बाकीचं सटरफटर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घोटाळा झाला तर अहिवाऱ्याच्या खाणीवर पाठवीन, असं मोठ्या साहेबांनी हसत हसत बजावलं. (साहेब हसले की आम्ही सामान बांधायला लागतो.) आणि भिलाई सोडून आडगावात येणार नाही, ही वसुंधराची अट तर लग्नाची बोलणी चालू असतानाच तुमच्यासमोर ठरलेली.

जोडीला स्टोअरचे आनंदराव होते. मी पावाएवढी पांढरी अँटेना निवडली, तर त्यांचा जीव हळहळला. "अख्ख्या आभायातून टाइम आणाचा अन् भांडं एवढुसंच? थोडं मोठं पाहा ना बाप्पा, साहेबाले खालून दिसलं पाहिजे!" त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. पुढे केबल. गोदामात टीव्हीच्या केबलचा अख्खा ड्रम पडून होता. तो कापला तर उरलेल्या तुकड्याचा जाब कोण देणार, म्हणून आनंदरावांनी न कापता सगळाच्या सगळा जोडायला लावला. गच्चीवरून निघालेला सिग्नल ड्रमभोवती प्रदक्षिणा घालता घालताच गतप्राण झाला. शेवटी मी हट्टाने बेताच्या लांबीची जाड केबल मागवली, वीज पडली तर घड्याळ वाचावं म्हणून मध्ये लावायची डबी मागवली, आणि घड्याळाने उपग्रह पकडले. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

इथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण आमच्या कारखान्याचा एक धर्म आहे. उघड्यावर जे म्हणून यंत्र असेल, त्याच्यावर पत्र्याचं छप्पर पाहिजे. मोटर असो, पंप असो, साधं बटण असो, आधी छप्पर आणि मग बाकीचं. (गेटवरचा चौकीदार तेवढा उघडा आहे, पण तो यंत्रात मोडत नाही.) उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आमचा फिटर भैयालाल कागद घेऊन आला, अँटेनाचं छप्पर राहिलं म्हणाला. इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या हाताने परस्पर सही केली. भैयालालने जाड पोलादी पत्र्याचं, चारही बाजूंनी झालर सोडलेलं देखणं छप्पर केलं, हिरवा रंग दिला आणि छाती फुगवून म्हणाला, "एको बूंद पानी नइ परय, साहब!" त्यात खोटं काही नव्हतं. त्याखाली पाणीही पोचत नव्हतं आणि आकाशही.

साहेबांनी हार घालून बटण दाबलं. घड्याळ नव्याने सुरू झालं, त्याला एकही उपग्रह सापडेना. अशा वेळी ते आपल्या जन्मवेळेवर जाऊन बसतं. जानेवारी १९८०, पहाटेचे साडेपाच; या उपग्रहांची कालगणना तिथूनच सुरू होते. इकडे साहेबांचं वक्तशीरपणावर भाषण सुरू. ते चांगलं अर्धा तास रंगलं, घड्याळात सकाळचे सहा झाले आणि रात्रपाळी सुटल्याचा भोंगा वाजला. डोक्यावर रणरणतं ऊन होतं, पण भोंग्याशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. श्रोते उठले, सायकली काढल्या आणि घरी गेले. मांडवात साहेब, मी आणि आनंदराव उरलो. मग साहेब गच्चीवर चढले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "इसको टोपी किसने पहनाई?" भैयालालने अभिमानाने माझी सही दाखवली.

असो. छप्पर काढलं, घड्याळ आता बिनचूक चालतं. मुलांना आशीर्वाद.

आपला,
नरहरी

ता. क. अहिवाऱ्याच्या बदलीचा कागद आला आहे. वसुंधराला सांगायची माझी छाती होत नाही. ती आली नाही तर तिथे एकट्याने राहायचं, या विचाराने घास उतरत नाही, दादा. तुम्ही आपण होऊन तिला लिहा की अहिवाऱ्याची हवा फार उत्तम, सगळे डॉक्टर तिकडेच जा म्हणतात. माझं नाव नको.

पुन्हा ता. क. संशय येऊ नये म्हणून पाकीट तिलाच टाकायला देतो आहे.

दादा, पाकीट नीट चिकटलंच नव्हतं, तं मी काय करू? बदलीचं मले कागद यायच्या आधीपासून मालूम आहे. साहेबीणबाईनं हळदीकुंकवात विचारलं, वसुंधराबाई, चालते का? मीच म्हटलं, पाठवा. तिथचं क्वार्टर मोठं आहे, मांगं आंगण आहे, अन् इथच्या महिला मंडळाच्या भांडणाचा मले कटाळा आला. एकट्याले काहून जाऊ देईन? पण तू आत्ताच काही लिहू नोको. कागद आला तेव्हापासून हे सकाळचा चहा करून राहिले, कालपासून भांडेही घासून राहिले. दिवाळी होऊ दे, मंग लिहिजो.
वसू