लिंबू टोचलेली कट्यार

निपाणी,
ता. १८ जानेवारी १९४३

चि. मार्तंडास,
आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत. तंबाखूची कापणी चालू असल्यामुळे गल्लीत उग्र वासाचा खाट उठलाय आणि शिंकत शिंकतच माझ्या आनंदच्या लग्नाचे लाडू वळतेय. सोयरीक तू जमवलीस, विनोदिनी मुलगी गोड आहे, तेव्हा तुझ्यावर राग नाही. फक्त व्याही रावसाहेब मला तेवढे पटत नाहीत. बोलताना ते माणसाकडे बघतच नाहीत, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघतात.

एक विचारायचं होतं. काल बाजारात ऐकलं की बेळगावात चाकू-सुरी घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी आहे. आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार येते, टोकाला लिंबू टोचतात, आणि अक्षता पडेपर्यंत ती हातातून सुटत नाही. ह्यांच्या लग्नात हीच कट्यार होती, सासऱ्यांच्याही. आनंद ती घेऊन सर्व्हिस मोटारीनं बेळगावच्या स्टँडवर उतरणार. चालेल ना? कायद्याची एवढी बुकं पालथी घातलीस, त्याचा बहिणीला एकदा तरी उपयोग होऊ दे.

सुनंदाला आणि पोरांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
आक्का

बेळगाव,
ता. २३ जानेवारी १९४३

ती. आक्कास,
मार्तंडचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझा प्रश्न हसण्यावारी नेणार होतो, पण इथं हसायची सोय राहिलेली नाही. कट्यार हे कायद्यानं हत्यार आहे, तिला परवाना लागतो. घरातली सुरी, शेतातला विळा यांना एरवी लागत नाही. पण गेल्या ऑगस्टपासून सरकारला भाजीच्या सुरीतही बंड दिसू लागलंय. मनाई हुकूम असा की, शहराच्या हद्दीत सार्वजनिक जागी पातं असलेली कसलीही वस्तू बाळगू नये. आमचा न्हावी वस्तरा धोतराच्या ओच्यात लपवून येतो. अशा वेळी आपण वकील आहोत याची शिसारी येते.

तरी मी परवानगीचा अर्ज दिला. कारकुनानं विचारलं की लिंबू कशासाठी. म्हटलं, दृष्ट लागू नये म्हणून. त्यानं विचारलं, कुणाची. अर्ज नामंजूर झाला.

आता गंमत ऐक. सरकारी किताब असलेल्यांना हत्यारांची माफी आहे. आपले रावसाहेब दरबारात तलवार लावून जातात, तेव्हा कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. ते स्टँडवर येतील, आनंदनं उतरायच्या आधी कट्यार त्यांच्या हाती द्यायची, मांडवात पोचल्यावर परत घ्यायची. रावसाहेब हो म्हणाले, भिंतीकडे बघूनच. तेवढं कर, हात जोडतो.

तुझ्या लाडवांची वाट बघणारा,
मार्तंड

निपाणी,
ता. २८ जानेवारी १९४३

चि. मार्तंडास आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तू म्हणतोस ते होणे नाही. हळदीच्या अंगाचं लोखंड दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, आणि मुलीच्या बापाच्या हाती तर नाहीच. उद्या पोराला काही झालं तर तुझा कलेक्टर येणार आहे का? माझे दीर नागोजी म्हणाले की टोकाला लिंबू असल्यावर लागणार कुणाला, ते हत्यार न्हायच. मलाही ते पटतं. रावसाहेब शेजारी उभे असले म्हणजे झालं. त्यांनी एक शब्द टाकला की पोलीस सलाम ठोकतील.

वरमायनं घरी राहून सुनेची वाट बघायची ही आमच्याकडची रीत, म्हणून मी येत नाही. माझ्या लेकरावर लक्ष ठेव.
तुझी,
आक्का

बेळगाव,
ता. ८ फेब्रुवारी १९४३

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र नागोजींच्या हाती देतो आहे. काल लग्न झालं नाही. आनंद सुखरूप आहे, जामिनावर सोडवलाय, हे आधी वाच आणि मग खाली बस.

मोटार स्टँडवर लागली. मी आणि रावसाहेब समोरच उभे होतो. आनंद मुंडावळ्या बांधून, हातात लिंबाची कट्यार धरून उतरला. भावकू नावाचा हवालदार आडवा आला. माणूस वाईट नव्हता. त्यानं आपणहून सांगितलं की वस्तू रावसाहेबांची आहे असं ते म्हणत असतील तर आपली काही हरकत न्हाय. आक्का, एका शब्दाचं काम होतं. पण तेवढ्यात पोलिसांच्या गोऱ्या साहेबाची गाडी कोपऱ्यावर थांबली, आणि रावसाहेब म्हणाले की आपण दुसऱ्याच पाहुण्यांना घ्यायला आलोय, ह्या मंडळींना ओळखत नाही. ह्याच लग्नासाठी पुण्याहून आणलेला रेशमी फेटा डोक्यावर ठेवून म्हणाले. मी कोर्टात रोज खोटं ऐकतो, पण असं निर्लज्ज ऐकलं नव्हतं.

हवालदार लिंबू काढायला लागला तर नागोजी मधे पडले की अक्षता पडंस्तवर लिंबू निघत न्हाय. म्हणून लिंबासकट कट्यार कागदात गुंडाळली आणि वर लाखेचं सील ठोकलं. मुहूर्त चौकीच्या बाकड्यावर टळला. तिकडे मांडवात नवरदेवाला ताप आल्याचं सांगून पंगती उठवल्या. श्रीखंड होतं म्हणे. लोकांनी दोनदा मागून घेतलं.

मन घट्ट कर.
मार्तंड

निपाणी,
ता. १२ फेब्रुवारी १९४३

चि. मार्तंडास आशीर्वाद. वि. वि.

चुकलं माझंच, असं तू म्हणशील. म्हण. पण मी रीत पाळली, आणि त्या माणसानं जीभ गिळली, ह्यात फरक आहे. त्याच्या घरचा आहेराचा शालू ट्रंकेत आहे. ती ट्रंक उघडायचं मी सोडलंय.

आज त्याचं माणूस आलतं. आनंदनं माफी लिहून द्यावी म्हणे, की मी दंग्याच्या हेतूनं हत्यार बाळगलं, पुन्हा असं करणार नाही. तो कागद रावसाहेब स्वतः साहेबांना नेऊन देणार, मग लग्नाचं बघणार. आनंदनं सांगितलं की मी लग्नाला गेलतो, दंग्याला न्हाय. एवढंच बोलून आत गेला. अंगावरची हळद तशीच आहे. बाहेर जात नाही, शाळेत शिकवायलाही नाही. कट्यार नाही म्हणून मी त्याच्या हाती एक खिळा दिलाय, तो मुठीत धरून बसतो. मला बघवत नाही.

त्या मुलीला कुणी काही विचारलं का रे? तिच्याही अंगाला हळद लागली आहे.
तुझी,
आक्का

बेळगाव,
ता. १८ फेब्रुवारी १९४३

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

खटला संपला. कोर्टात मुद्देमालाचं पुडकं फोडलं आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. लिंबू सडून काळं पडलं होतं, त्याचा रस पात्यावरून मुठीपर्यंत ओघळून सुकला होता. तुझ्या सासऱ्यांची ती कट्यार, आणि तिच्यावर बुरशी. मॅजिस्ट्रेट म्हणाले, हे घाणेरडं आधी बाहेर न्या. मी म्हटलं की घाणेरडं ते नव्हे, महाराज. त्यांनी मला समज दिली. आनंदला दंड झाला, कट्यार सरकारजमा झाली, आणि शिपायानं ती दोन बोटांत धरून बाहेर नेली.

कोर्टातून निघताना रावसाहेबांची चिठ्ठी मिळाली. शिक्षा झालेल्याशी त्यांना सोयरीक नको. धारवाडकडचं एक स्थळ ठरलंय, परवा बोलणी आहेत. परवाच कलेक्टरच्या बंगल्यावर पार्टी, म्हणजे तलवारही निघेल. आपली बाजू संपली असं धर. आनंदला हळद धुवायला सांग.

मुलीचं काय ते मला कळलं नाही. सुनंदा दोनदा त्यांच्याकडे जाऊन आली, पण मला काही सांगत नाही. तुझ्या समाधानाला उद्या ती निपाणीला येते आहे. बरोबर भाजीची एवढी मोठी टोपली का नेतेय, विचारलं तर वकिलानं घरात उलटतपासणी करू नये म्हणाली.

तुझा,
मार्तंड

निपाणी,
ता. २१ फेब्रुवारी १९४३

चि. मार्तंडास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आनंदची हळद धुतली. काल दुपारी, अक्षता पडल्यावर.

सुनंदा एकटी आली नाही. तिच्याबरोबर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई होती. ओसरीवर पदर काढला तर विनोदिनी. मॅट्रिक झालेली, वीस वर्षांची मुलगी, तोंडावर अजून हळद. ती म्हणाली की स्टँडवर वडील काय बोलले ते ऐकल्यापासून त्या घरातलं अन्न आपल्या घशाखाली उतरत नाही. मी तिला आधी जेवायला वाढलं.

कन्यादान नागोजी आणि जाऊबाईंनी केलं. रावसाहेबांचा शालू मी धुणं धुणाऱ्या मालुबाईला देऊन टाकला, सुनेला माझा नेसवला. आनंद खिळा सोडायला तयार नव्हता. लोखंडाशिवाय अंतरपाटापुढं कसा उभा राहू म्हणत होता. तेव्हा विनोदिनीनं ती टोपली पुढं ओढली. मेथीच्या पेंड्यांखालून तुझ्या घरची फणस कापायची सुरी काढली, लिंबू टोचलं आणि त्याच्या हातात दिली. आमच्या कट्यारीपेक्षा चार बोटं लांबच भरेल. ती स्टँडवरून, भर बाजारातून आणली, आणि टोपली मोटारीच्या टपावर कुणी चढवून दिली म्हणशील तर त्याच भावकू हवालदारानं. हात लावल्यावर त्याला पातं लागलं होतं, असं सुनंदा म्हणते. त्यानं विनोदिनीच्या तोंडाकडे बघितलं आणि मेथी जरा सारखी केली.

मुलगी इथं आहे हे रावसाहेबांना तूच कळव. आणि सुरी आमच्याकडेच राहील. आमच्या घरी आता तीच कट्यार.

तुझ्या बायकोला रागावू नको.
तुझी,
आक्का