पेशंटचं नाव

३० मार्च, सोमवार

माझा रिपोर्ट आला. ‘रोगाचा मागमूस नाही.’ ह्यांनी तो वाचून दाखवला – मला! एकोणीस वर्षं त्याच लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करतेय. उपचारांसाठी सहा महिन्यांची रजा घेतली म्हणून काय वाचायला विसरले? कागद हातात द्यायला मात्र दोन मिनिटं लावली.

कुठेतरी पाणी मुरतंय.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी हे म्हणाले, “आज काय खावंसं वाटतंय तुला?” सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मी म्हटलं, “शेवटची इच्छा विचारताय की काय?” हसले नाहीत. हसायला हवं होतं.

दुपारी मावशी बॅग घेऊन दारात. म्हणे, यंदा ईस्टर तुमच्याकडे. आईच्या पाठची ही, गुडघ्यांच्या नावाने एक जिना चढत नाही, आणि आमचे तीन चढून आली. धडधाकट माणसासाठी कोण एवढं चढतं?

१ एप्रिल, बुधवार

स्वयंपाकघरात हे आणि मावशी कुजबुजत होते. मी आत गेले. मावशी म्हणाली, “साखर कुठे ठेवतेस गं?” साखरेचा डबा तिच्या हातात होता.

२ एप्रिल, गुरुवार

चर्चचे पाळक येऊन प्रार्थना करून गेले. “प्रभूने तुम्हाला नवं जीवन दिलं.” इतक्या मऊ आवाजात ते फक्त दफनाच्या वेळी बोलतात.

लॅबमधून विचारणा, सोमवारपासून कामावर येता का. बघते म्हटलं. संध्याकाळी हे भडकले. “तुला बरं व्हायचंच नाहीये का?” दार आपटून बाहेर गेले. आठवड्याभरात हे एकच वाक्य मला खरं वाटलं.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

लिहूनच टाकते. अकरा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

आईचा रिपोर्ट माझ्याच टेबलावर आला होता. माझ्याच हातांनी टाइप केला. तिचे डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही, घरी ठेवा. मग जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेल्यावर, मी दुसरा टाइप केला. ‘साधी सूज. काळजीचं कारण नाही.’ लॅबच्याच कागदावर, लॅबचाच शिक्का. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण केला. तो तिला दिला. ती म्हणाली, “देवाची दया.” दोन महिन्यांनी गेली.

दया वगैरे काही नव्हतं, मी होते. तिला कुणाला काही सांगायचं असेल, कुणाची माफी मागायची असेल, नुसतं रडायचं असेल – मी संधीच दिली नाही. वेडी समजून फसवलं तिला. ह्याची मला लाज वाटते, अजून वाटते.

चोराच्या मनात चांदणं, म्हणा हवं तर. पण खोटा रिपोर्ट कसा करतात ते मला पक्कं ठाऊक आहे. आणि करावं तसं भरावं लागतं.

४ एप्रिल, शनिवार

लॅबमध्ये जाऊन आले. थोरल्या बाई एकट्याच होत्या. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही तपासणी होत नाही. म्हटलं, माझ्या नमुन्याची काच दाखवा. त्यांनी नोंदवही काढली, नंबर जुळवला, काच मायक्रोस्कोपखाली लावली. “बघ. स्वच्छ.”

मी पडले टायपिस्ट. मला गुलाबी ठिपके दिसले.

“ही माझीच कशावरून?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अगं, थोमाने निदान प्रभूची जखम बघून तरी तो उठल्याचं मानलं. तुला जखम नाही म्हणून पटत नाहीये.”

बाई खोटं बोलत नाहीत. पण मी खोटं बोलेन असं तरी कुणाला वाटलं असतं?

५ एप्रिल, ईस्टर

पहाटेच्या उपासनेला गेलो. शास्त्रवाचनात तेच – बायका प्रभूच्या कबरीवरून धावत आल्या, कबर रिकामी आहे म्हणून सांगितलं, आणि शिष्यांना ती बडबड वाटली. मला शिष्यांचंच पटलं. “प्रभू उठला आहे!” म्हटल्यावर सगळे म्हणाले, “खरोखर उठला आहे!” माझे ओठ हलले नाहीत.

घरी येऊन मावशीला धरलं. “खरं सांग, किती दिवस उरलेत? आईला मी खोटा रिपोर्ट दिला, आता तुम्ही मला दिलाय.” सगळं ओकले. रडलेसुद्धा, पोटभर.

मावशी म्हणाली, “तुझ्या नवऱ्याने बोलावलं मला. बरी झालीये पण मानत नाही, जेवत नाही, तुमचं ऐकेल म्हणाला. अगं, तो बिचारा फोनवर रडत होता. आणि त्या रिपोर्टचं म्हणशील तर –”

तेवढ्यात हे आले. बोलणं राहिलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

शाळेत तीस वर्षं वह्या तपासलेली बाई ती. ‘पेशंटचं नाव’ ह्या रकान्यात मी टाइप केलं होतं – ‘आई’.

मावशीला कागद दाखवून म्हणाली होती, “रडत रडत केलंय गं पोरीने. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. माझ्यापाशी येऊन हसते, तेवढं हसू दे तिला.”

माझा रिपोर्ट काढून पाहिला; त्या रकान्यात नीट माझंच नाव होतं. थोरल्या बाईंना फोन केला. उद्यापासून येते म्हटलं.