वजन ब्याऐंशी, स्की दोनशे पाच

२ मार्च
तिरिल आज सात वर्षांची झाली. केक कापताना सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, या ईस्टरला डोंगरातल्या केबिनपर्यंत स्कीवरून तूच ने ना मला. वर्गात सगळ्यांना त्यांचे बाबाच नेतात." हो म्हणून टाकलं. सासरेबुवा गुदब्रांड उगाच खोकले. बर्गनच्या पावसात वाढलेल्या माणसाला स्की येत नाही, अशी या बर्फातल्या लिलेहामरकरांची समजूत. मला येत नाही, हा वेगळा मुद्दा.

५ मार्च
स्कीचं दुकान. मी उंची पाठ करून गेलो होतो, तर दुकानातल्या इंगुनबाईंनी वजन विचारलं. लांब पल्ल्याची स्की वजनावरच ठरते म्हणे. मागे नेमक्या तिरिलच्या वर्गशिक्षिका उभ्या. ब्याऐंशी म्हणालो. काटा चौऱ्याण्णव दाखवतो, पण ते हिवाळ्यातलं. ईस्टरपर्यंत बारा किलो जातीलच.

बाईंनी मला स्कीवर उभं केलं आणि स्कीच्या मधल्या कमानीखालून कागद सरकवून पाहिला. तो सहज सरकायला हवा. अडकला. म्हणाल्या, "तुम्हाला जरा ताठ स्की लागेल. ही दबतेय, बर्फाला घासत राहील." मी म्हटलं, कागद जाड आहे. तीच घेतली, दोनशे पाच सेंटीमीटरची.

९ मार्च, संध्याकाळी ७
संकल्प. रोज सराव. तपकिरी चीज बंद.

९ मार्च, साडेआठ
चीज संपवलं. समोर असेल तर खाल्लं जाणारच.

१६ मार्च
पहिला सराव. स्की पुढे जाईना. उतारावरसुद्धा जागच्या जागी. बर्फ चिकट होता. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरंच वाकडं होतं, त्याला मी काय करू?

२३ मार्च
वजन पंच्याण्णव. काटा जुना झालाय. पाय दुखतात, म्हणून या आठवड्यात सराव फक्त मनातल्या मनात. चांगला झाला.

२८ मार्च, केबिन
पाच किलोमीटरची वाट. सगळे पुढे गेले, मागे आम्ही दोघं. पहिल्या किलोमीटरलाच सव्वा तास. तिरिल दर शंभर पावलांवर थांबून माझी वाट बघायची. उतारावर तर मी चालत होतो. शेवटी म्हणाली, "रडू नकोस बाबा. मी आजोबांना आणते." रडत नव्हतो, वारा होता. थोडा रडत होतो.

सासरेबुवा सामानाची घसरगाडी घेऊन आले, मला तीत बसवलं. "जावईबापू, दुकानात वजन किती सांगितलं होतंत?" मी खिशातलं संत्रं काढून सोलायला घेतलं. ते आणि तिरिल मिळून ओढायला लागले. समोरून जो येईल त्याला तिरिल थांबून सांगायची, "हा माझा बाबा. अजून शिकतोय." जराही लाजली नाही पोरगी. असं सात जणांना सांगितलं.

आठव्याला मीच सांगितलं.